दोन लेनची एक लेन होताना: गाड्या एकाआड एक सोडण्याची पद्धत

महामार्गावर डांबरीकरण, व्हाईट टॉपिंग (डांबरावर काँक्रीटचा थर) किंवा पुलाच्या जॉइंटचं काम निघालं की एक लेन बंद होते आणि कोन (वाट अडवायला ठेवलेले शंकू) जिथे सुरू होतात त्या तोंडाशी गाड्यांचा गुंता होतो. खापर फुटतं ड्रायव्हरच्या बेशिस्तीवर. पण तिथली मांडणी नीट बघितली तर ड्रायव्हरने नेमकं कुठे आणि कसं वळायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ‘पुढे काम चालू आहे, वाहने सावकाश हाका’ एवढा एक बोर्ड असतो. तो वाचून निम्मे लोक किलोमीटरभर आधीच चालू लेनमध्ये रांग लावतात. उरलेले रिकाम्या लेनमधून थेट तोंडापर्यंत जातात. रांगेतल्यांना ते घुसखोर वाटतात, म्हणून बंपरला बंपर लावून वाट अडवली जाते. मग कुणीतरी साइडपट्टीवर चाक उतरवतो, तिसरी रांग तयार होते, आणि तोंडाशी तीन ट्रक एकमेकांच्या आडवे उभे राहतात.

खालची मांडणी दुभाजक असलेल्या चारपदरी महामार्गासाठी आहे: एका दिशेला ३.५ मीटरच्या दोन लेन आणि डावीकडे १.५ मीटर पक्की साइडपट्टी. साइट इंजिनिअर, कंत्राटदाराचा सुरक्षा अधिकारी आणि बंदोबस्ताला असलेले वाहतूक पोलीस यांनी ती एकत्र बसून ठरवावी. मंजूर नकाशात वेगळी मापं असतील तर तीच पाळायची. इंडियन रोड्स काँग्रेसची कामाच्या जागेवरील वाहतुकीची मार्गदर्शिका (एसपी ५५, २०१४ ची आवृत्ती) रस्त्याचे चार टप्पे पाडते: आगाऊ सूचनेचा, लेन बदलाचा, प्रत्यक्ष कामाचा आणि शेवटी मोकळं होण्याचा. आपल्याकडे मेहनत बहुतेक तिसऱ्या टप्प्यावर होते. गोंधळ मात्र पहिल्या दोनांत असतो.

पद्धत काय आहे आणि तिच्याकडून काय अपेक्षा धरायची

जॅकेटची चेन लावताना दोन्ही बाजूंचे दात एकाआड एक बसतात. तसंच करायचं: दोन्ही लेन अगदी तोंडापर्यंत भरू द्यायच्या, आणि एका ठरलेल्या जागी डावीकडची एक, उजवीकडची एक अशा गाड्या सोडायच्या. जर्मनीत हे वाहतूक कायद्यातच लिहिलेलं आहे. लेन संपत असेल तर अडलेल्या गाडीला अरुंद भागाच्या अगदी आधी एकाआड एक आत घेणं हे चालू लेनमधल्यांचं कर्तव्य ठरतं. ब्रिटनच्या हायवे कोडचा नियम १३४ गाड्या अगदी हळू चालत असताना याच पद्धतीची शिफारस करतो आणि वेगात असताना ती वापरू नका असंही बजावतो. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियाने १९९० च्या दशकात ‘मिसळण्याच्या जागेपर्यंत दोन्ही लेन वापरा’ आणि ‘इथे मिसळा, आपली पाळी घ्या’ अशा अर्थाचे बोर्ड लावायला सुरुवात केली. पुढे मिनेसोटाने ही पद्धत नेटाने चालवली. तिथला परिवहन विभाग सांगतो की रांगेची लांबी ४० टक्क्यांपर्यंत कमी होते.

रांग आखूड होते, पण एका लेनमधून तासाला निघणाऱ्या गाड्यांचा आकडा यामुळे फारसा वाढत नाही. गळा, म्हणजे उरलेली अरुंद वाट, तेवढाच राहतो. फायदा होतो तो तीन ठिकाणी. रांग दोन लेनमध्ये वाटली गेल्यामुळे ती मागच्या फाट्यापर्यंत किंवा टोलनाक्यापर्यंत पोचत नाही. एक लेन ठप्प आणि शेजारची ८० च्या वेगात हा धोकादायक फरक जातो. आणि कुणालाच फसवल्यासारखं वाटत नसल्यामुळे अडवाअडवी थांबते. ‘जाम संपेल’ असं वरिष्ठांना सांगून ही पद्धत आणली, तर पहिल्याच गर्दीच्या संध्याकाळी ती गुंडाळली जाईल.

आधी मोजणी

काम सुरू करण्याआधी किमान दोन दिवस, त्यांतला एक शुक्रवार किंवा शनिवार, दर १५ मिनिटांनी गाड्यांची प्रकारवार मोजणी करा. आकडे कारच्या हिशोबात आणायचे. ग्रामीण महामार्गासाठी नेहमीचे गुणक असे: कार किंवा रिक्षा १, मोटारसायकल ०.५, छोटा टेम्पो १.५, ट्रक किंवा बस ३, ट्रेलर ४.५.

समजा एका तासात एका दिशेला ८०० कार, १५० टेम्पो, २५० ट्रक-बस आणि ३०० दुचाक्या आल्या. हिशोब होतो ८०० + २२५ + ७५० + १५०, म्हणजे १,९२५. कामाच्या जागेवरून एका लेनची क्षमता अमेरिकन पुस्तकांत तासाला सुमारे १,६०० कार धरतात. आपल्याकडे भरलेले ट्रक, अरुंद जागा आणि वेग उचलायला लागणारा वेळ बघता नियोजनासाठी १,३०० च्या वर जाऊ नये. म्हणजे तासाला ६२५ शिल्लक राहतात, दोन तासांत १,२५०. एका कारमागे ७ मीटर जागा धरली तर एका लेनमध्ये ही रांग पावणेनऊ किलोमीटर होईल, दोन लेनमध्ये सुमारे ४.४ किलोमीटर. गर्दी ओसरून तासाला ९०० वर आली तरी ही रांग फिटायला तीन तासांहून जास्त लागतात, कारण तासाला फक्त ४०० चीच वजाबाकी होते.

हा हिशोब कागदावर मांडला की कामाची वेळ आपोआप ठरते. दिवसाच्या ज्या तासांत आवक १,३०० च्या खाली आहे तेच तास लेन बंद करायला घ्या. काँक्रीट पिकायला वेळ लागतो म्हणून लेन दिवसरात्र बंद ठेवावीच लागत असेल, तर गर्दीच्या तासांसाठी एकाआड एक पद्धत हवी आणि उरलेल्या तासांसाठी साधी पद्धत.

साधी पद्धत म्हणजे आधीच लेन बदलायला सांगणं. गाड्या ६० च्या पुढे, मोकळ्या अंतराने धावत असतील तर हेच बरोबर. वेगात तोंडापर्यंत जाऊन मग जागा शोधणं जीवघेणं आहे. गाड्यांचा वेग ३० ते ४० च्या खाली घसरला आणि रांग धरू लागली की एकाआड एक सुरू करायचं. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक संदेशफलक असेल तर उत्तम. नसेल तर बिजागरीची दुमडणारी पाटी करून घ्या: उघडली की ‘दोन रांगा करा’, मिटली की ‘डावी लेन बंद’. बोर्डावर गोणपाट बांधून तो झाकायची सवय मोडायला हवी. गोणपाट रात्रीच्या वाऱ्याने फाटतं आणि सकाळी दोन उलट सूचना शेजारी शेजारी दिसतात.

कोणती लेन बंद करायची

कामाच्या सोयीने ही निवड होते, पण पर्याय असेल तेव्हा ट्रकचा विचार करा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. डाव्या लेनमधला ट्रक उजवीकडे सरकतो तेव्हा ड्रायव्हरला आरशात आणि खिडकीतून शेजारची गाडी दिसते. उजव्या लेनमधून डावीकडे सरकताना मात्र सगळी भिस्त क्लिनरच्या बाजूच्या आरशावर असते, आणि क्लिनर नसेल तर केबिनला लागून चाललेली छोटी कार दिसतच नाही. म्हणून उजवी लेन बंद असेल आणि ट्रक भरपूर असतील, तर किलोमीटरभर आधीपासून ‘जड वाहने डावीकडे’ असा बोर्ड लावा. ट्रक डाव्या चालू लेनमध्ये, कार उजव्या लेनमध्ये, आणि तोंडाशी एक ट्रक, एक कार. ट्रकचं प्रमाण निम्म्याच्या आसपास असेल तर हे छान जमतं. ट्रक फारच जास्त असतील तर ही विभागणी सोडून द्या, नाहीतर उजवी लेन रिकामी राहून रांग पुन्हा एकाच लेनमध्ये वाढेल.

घाटात तोंड येऊ देऊ नका. बोरघाट असो की कसारा, चढावर थांबलेला भरलेला ट्रक पुन्हा उचलताना मागे सरकतो, क्लच जळतो आणि बंद पडतो. उरलेली एकमेव लेन मग त्यानेच अडते. चढ सुरू होण्याआधी सपाटीवर एक लेन करून घ्या, त्यासाठी कोनची रांग किलोमीटरभर जास्त लावावी लागली तरी चालेल. उतारावर तर हे सक्तीचंच समजा. तापलेल्या ब्रेकचा ट्रक उतार संपताना रांगेच्या शेपटावर आला, तर तो थांबेलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. वळणाच्या पलीकडे, उड्डाणपुलाच्या माथ्याच्या लगेच पुढे, पेट्रोलपंपाच्या किंवा ढाब्याच्या दारासमोरही तोंड नको.

बोर्ड: कुठे, काय, केवढे

सगळी अंतरं कोनच्या पहिल्या तोंडापासून मागे मोजा.

- अंदाजे सर्वांत लांब रांगेच्याही ५०० मीटर मागे: ‘पुढे रांग, वेग कमी करा’. वरच्या उदाहरणात हा बोर्ड ५ किलोमीटरवर जातो.
- १ किलोमीटर: ‘पुढे एकच लेन’. बाण कुठल्याही एका बाजूचा नको.
- ५०० मीटर: ‘दोन रांगा करा’.
- १५० मीटर: ‘लेन बदलू नका’.
- तोंडाशी: ‘इथे एकाआड एक’, सोबत दोन रेषा एक होतानाचं चित्र.

प्रत्येक बोर्ड दोन्ही बाजूंना हवा, डावीकडे साइडपट्टीबाहेर आणि उजवीकडे दुभाजकावर. एकाच बाजूचा बोर्ड ट्रकच्या आड जातो आणि उजव्या लेनमधल्या कारवाल्याला तो कधी दिसतच नाही.

बहुतेक ठिकाणी पद्धत फसते ती किलोमीटरभर आधी लावलेल्या ‘डावी लेन बंद, उजवीकडे या’ या बाणामुळे. एकीकडे दोन्ही लेन वापरा म्हणायचं आणि दुसरीकडे बाण दाखवून आत्ताच वळा म्हणायचं, तर ड्रायव्हर बाणाचंच ऐकणार. गर्दीच्या तासांत तो बाण दुमडलेला हवा. चमकणाऱ्या दिव्यांचा बाण फक्त तोंडाशी, कोनच्या सुरुवातीलाच ठेवा.

शब्द निवडताना जोडाक्षरं टाळा. ‘एकाआड एक’ आणि ‘दोन रांगा करा’ लांबून वाचता येतात. ‘वाहनचालकांनी क्रमाक्रमाने मार्गिका बदलावी’ हे ८० च्या वेगात कुणी वाचत नाही. अक्षराच्या उंचीचा ढोबळ नियम दर ९ मीटर वाचनअंतराला २५ मिलिमीटर. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, चार सेकंद वाचायला दिले तर ९० मीटर होतात, म्हणून अक्षर २५० मिलिमीटरचं. देवनागरीत मात्रा आणि वेलांट्या वर-खाली जागा खातात, तेव्हा ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा. राष्ट्रीय महामार्ग ४८ सारख्या रस्त्यावर गुजरात, राजस्थान, तमिळनाडूचे ट्रक असतात. तिथे हिंदीत ‘बारी-बारी से’ आणि मोठं चित्र हवंच. चित्रात दोन रंगांच्या गाड्या आलटून पालटून एका रांगेत जाताना दाखवा.

कोनची तिरपी रांग

लेन हळूहळू बंद करत नेणाऱ्या कोनच्या तिरप्या रांगेची लांबी वेगावर ठरते. अमेरिकेत वापरलं जाणारं सूत्र सोपं आहे. ताशी ७० किलोमीटर किंवा जास्त वेगासाठी: बंद होणारी रुंदी मीटरमध्ये, गुणिले वेग, भागिले १.६. ताशी ६० किंवा कमी वेगासाठी: रुंदी, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १५५. आपल्या ३.५ मीटरच्या लेनला १०० च्या वेगात २२० मीटर, ८० ला १७५, ६० ला सुमारे ८१ आणि ४० ला ३६ मीटर. वेग म्हणजे गाड्या त्या जागी खरोखर ज्या वेगाने येतात तो. बोर्डावर ४० लिहून ३६ मीटरची रांग लावली आणि रात्री गाड्या ८० ने आल्या, तर कोन पहाटेपर्यंत उरत नाहीत. अनेक कामांवर सहा ड्रम २० मीटरमध्ये लावलेले दिसतात. ८० च्या वेगातल्या गाडीला ते एका सेकंदाहून कमी वेळ देतात.

त्याच पुस्तकी नियमाने ८० च्या वेगाला कोनमधलं अंतर १६ मीटर चालतं. आपल्याकडे एवढ्या फटीतून रिक्षाच काय, टेम्पोही आत शिरतो. १७५ मीटरमध्ये दर ९ मीटरला एक असे सुमारे २१ कोन लावा. कोन किमान ७५० मिलिमीटर उंचीचे, जड रबरी बुडाचे आणि दोन परावर्तक पट्ट्यांचे हवेत. ट्रकच्या वाऱ्याने हलका कोन पडतो, म्हणून बुडावर वाळूची छोटी पिशवी ठेवा. दगड किंवा काँक्रीटचे तुकडे ठेवू नका. चाकाखालून उडालेला दगड मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर जातो. रात्री दर दुसऱ्या कोनवर सोलर ब्लिंकर लावा आणि तो दिवसभर धुळीने झाकला गेला असेल तर संध्याकाळी पुसा.

इथे एक अडचण येते. रिकाम्या रात्री १७५ मीटरची तिरपी रांग लागते, पण गर्दीत गाड्या १० ते १५ च्या वेगाने चालतात आणि तेवढ्या लांबीत कुणी सुरुवातीला, कुणी मध्ये, कुणी टोकाला घुसतो. एकाआड एकची लय अशाने बसत नाही. म्हणून तिरप्या रांगेच्या सुरुवातीलाच मिसळण्याची जागा ठळक करा: रस्त्यावर दोन्ही लेनमध्ये पांढरे बाण, दोन्हीकडे बोर्ड, आणि तिथेच हाताने गाड्या सोडणारा माणूस, म्हणजे मार्शल. तिथून पहिल्या ३० मीटरमध्ये कोन दर ३ मीटरला लावा म्हणजे नजरेला भिंतीसारखे दिसतात.

साइडपट्टी धरून जागा मिळत असेल तर आणखी चांगली मांडणी आहे. अमेरिकेतल्या लुईझियानात तिची चाचणी झालेली आहे: एक लेन बंद न करता दोन्ही लेन दोन्ही बाजूंनी सारख्याच, पावणेदोन मीटरने, आत घ्यायच्या. ८० च्या वेगाला त्यासाठी दोन्हीकडे सुमारे ९० मीटर तिरपी रांग लागते. मधोमध एक ३.५ मीटरची वाट उरते, ती ३० ते ४० मीटर सरळ न्यायची, आणि मग सुमारे ४५ मीटरच्या तिरक्या वळणाने चालू लेनवर सोडायची. कोन जास्त लागतात आणि मांडायला वेळ लागतो, पण ‘ही माझी लेन, तू बाहेरचा’ हा वाद मुळातच उरत नाही. दोघांनाही सारखंच सरकावं लागतं. आठवडा-दोन आठवडे चालणाऱ्या कामाला हीच मांडणी घ्यावी.

आधी दोन रांगा, मगच एकाआड एक

परदेशी पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी लावली तर ती पहिल्या तासात मोडते, कारण तिथे गृहीत धरलेल्या दोन रांगा आपल्याकडे नसतात. सात मीटर डांबर आणि दीड मीटर साइडपट्टी यांत आपल्याकडे तीन ते चार रांगा सहज बसतात. चार रांगांची पाळी कुणालाच लावता येत नाही.

तोंडाच्या मागे १५० मीटरपर्यंत दोन लेनच्या मधोमध लवचीक खांब किंवा कोन दर ५ मीटरला लावा. त्याने मधली रांग जाते. साइडपट्टी त्याच लांबीत ड्रमने बंद करा, पण नुसता एक ड्रम टाकून नव्हे. दर १० मीटरला एक ठेवला नाही तर लोक तो वळसा घालून पुन्हा साइडपट्टीवरच येतात. कच्च्या बाजूला उतरायला जागा असेल तर तिथेही अडसर हवा.

दुचाक्यांचा निर्णय आधीच घ्या. कामाच्या पूर्ण लांबीत साइडपट्टी मोकळी राहत असेल तर सव्वा मीटरची वेगळी वाट दुचाकींना द्या आणि तिच्या तोंडाशी दोन खांब असे रोवा की रिक्षा शिरणार नाही. साइडपट्टी मध्येच संपत असेल तर अशी वाट देऊ नका, कारण अरुंद भागात दुचाकीस्वार ट्रकच्या मागच्या चाकाशेजारी सापडतो. मग दुचाकी गाड्यांमागून जातील, पण पाळीत त्या मोजायच्या नाहीत. ‘एक गाडी’ म्हणजे चारचाकी किंवा मोठी. ट्रेलरचा नंबर एकच, तो कितीही लांब असला तरी.

रुग्णवाहिकेसाठी बंद लेनच्या सुरुवातीचे तीन कोन उचलण्याजोगे ठेवा आणि आतली जागा खडी किंवा यंत्रांनी भरू देऊ नका. अख्खी बंद लेन मोकळी ठेवता येत नसेल तर कुठल्या मशीनचालकाने कुठे सरकायचं हे शिफ्टच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.

माणसं

पहिले दोन दिवस माणसांशिवाय हे चालत नाही. तीन जण लागतात. पहिला तोंडाशी, कोनच्या आतल्या बाजूला उभा. दुसरा १५० मीटर मागे, दोन रांगा भरवणारा: रिकाम्या लेनकडे हात करून गाड्या पुढे बोलावणं हेच त्याचं काम. तिसरा रांगेच्या शेपटाशी.

तोंडावरच्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे एका बाजूच्या दहा गाड्या सोडून दुसऱ्या बाजूच्या दहा अडवणं. सिग्नलची सवय असते म्हणून तसं होतं. पण थांबलेला भरलेला ट्रक हलायला कित्येक सेकंद घेतो आणि प्रत्येक बदलाला गळा तेवढा वेळ रिकामा राहतो. गाड्या थांबू न देता सरकत्या ठेवायच्या आणि हाताने फक्त लय द्यायची: डावीकडची एक, उजवीकडची एक. सतत शिट्टी वाजवू नये. ड्रायव्हर शिट्टी म्हणजे ‘थांब’ असं समजतात. कुणी पाळी मोडलीच तर त्याला अडवून दंड करायला ती जागा नाही, त्याच्या मागच्या गाडीला थोडं थांबवून पुढची पाळी दुसऱ्या बाजूला द्या. कारवाई करायची तर ती कामाची जागा ओलांडल्यावर पुढे मोकळ्या जागी.

परावर्तक जॅकेट, दिवसा झेंडा आणि रात्री लाल दिव्याची काठी. दोन तासांनी माणूस बदला, मे महिन्यात तासाने.

शेपटावरच्या माणसाकडे फिरता दिवा आणि मागच्या बाजूला बोर्ड असलेलं वाहन हवं. ते साइडपट्टीवर, रांगेच्या ३०० ते ५०० मीटर मागे उभं राहावं. सर्वांत भीषण अपघात इथेच होतात, कारण मागून येणाऱ्याला मोकळ्या रस्त्यावर अचानक थांबलेल्या गाड्या दिसतात. रांग वाढली की वाहनही मागे न्यायचं, पण उलटं चालवून कधीच नाही. दुभाजकातल्या पुढच्या अधिकृत वळणावरून फेरी मारून यायचं. फेरी लांबची असेल तर दोन वाहनं ठेवा.

गळ्याच्या पुढचा रस्ता

तोंडाशी सगळं सुरळीत असूनही रांग सरकत नसेल तर दोष पुढे शोधा. कामाच्या जागेत टाकलेला तात्पुरता गतिरोधक, खडी घेऊन मध्येच आत वळणारा डंपर, रस्त्यावर सांडलेली ओली माती, उघड्यावर चाललेलं मशीन बघायला हळू होणारे लोक, यांतलं काहीही गळ्याची क्षमता बघता बघता खाली आणतं. डंपरला आत जायची वाट लेनच्या सुरुवातीला द्या आणि बाहेर पडायची शेवटी, गर्दीच्या तासांत माल आणणं बंद. कामाच्या बाजूला हिरवं कापड लावा. काम संपलं तिथे १५ ते ३० मीटरमध्ये लेन मोकळी करा आणि ‘काम संपले’ असा बोर्ड लावा. पुढचा ड्रायव्हर जेवढ्या लवकर वेग घेतो तेवढी मागची रांग लवकर सुटते.

मांडताना आधी बोर्ड, मग तिरपी रांग, मग कामाची बाजू, असं वाहतुकीच्या दिशेने जा. काढताना उलट क्रम: कोन शेवटच्या टोकाकडून काढत यायचं आणि बोर्ड सर्वांत शेवटी. आणि काम नसताना बोर्ड उभे सोडू नका. ‘पुढे रांग’ वाचून तीनदा मोकळा रस्ता दिसलेला माणूस चौथ्यांदा वेग कमी करत नाही.

जमतंय का, हे कसं ओळखायचं

दर १५ मिनिटांनी तीन आकडे लिहा: गळ्यातून निघालेल्या गाड्या, रांगेची लांबी, आणि तोंडाच्या १०० मीटर मागे दोन्ही लेनमधल्या गाड्यांचं प्रमाण. प्रमाण ६०-४० च्या आत असेल तर लोकांना बोर्ड समजलेत. ८०-२० असेल तर बहुधा ५०० मीटरचा बोर्ड दिसत नाही, किंवा कुठेतरी जुना बाण उघडा आहे. स्वतः कारमधून दोन्ही लेनने एकेकदा येऊन बघा, आणि शक्य असेल तर ट्रकच्या केबिनमधूनही. प्रमाण ठीक पण तोंडाशी अडवाअडवी होत असेल तर मिसळण्याची जागा पुरेशी ठळक नाही किंवा मधले खांब तुटलेत. ट्रक दोन लेनच्या मधोमध चालून मागच्यांना अडवत असतील, तर ते रांगेतल्यांच्या वतीने ‘न्याय’ करत असतात. त्यांना १५० मीटरवरचा माणूस हाताने एका लेनमध्ये घेईल, वाद न घालता.

ट्रॅफिक ब्लॉकची सूचना देताना तारीख, वेळ आणि पर्यायी मार्ग यांसोबत दोन ओळी जोडा, त्या व्हॉट्सअॅपवर जशाच्या तशा फिरतील: ‘गर्दी असेल तेव्हा दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरा. बोर्डापाशी एक गाडी डावीकडची, एक उजवीकडची.’ टोलनाक्यावर हाच मजकूर छापलेली चिठ्ठी ट्रकवाल्यांना हिंदीत द्या.

गाडी चालवणाऱ्यांसाठी

रस्ता मोकळा असेल तर बंद लेनचा बोर्ड दिसताच, आरसा बघून, इंडिकेटर देऊन, जागा मिळेल तिथे चालू लेनमध्ये या. रांग लागली असेल तर जिथे आहात त्या लेनमध्येच राहा. मागचीही रांग तशीच भरेल. शेजारच्या गाडीच्या बरोबरीने चाला, रिकामी जागा दिसली म्हणून तिथे उसळी घेऊ नका. पुढच्या गाडीपासून एक गाडी मावेल एवढी जागा तोंडाच्या ५० मीटर आधीपासून सोडा. इंडिकेटर तोंडाशी पोचताना द्या, किलोमीटरभर आधी देऊन ठेवला तर त्याचा अर्थ कुणालाच कळत नाही. एका गाडीला आत घ्या, दुसरीला नाही, आणि हाताने खूण करून तसं दाखवा. डिपर मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, बाजूला हो’ असा घेतला जातो, म्हणून वाट देताना डिपर वापरू नका. रांगेच्या शेपटाशी पोचताना चारही इंडिकेटर लावा आणि मागची गाडी थांबलेली आरशात दिसेपर्यंत ते बंद करू नका.